वतीनं बोलणारा माणूस

सुभानराव माने पहिल्यांदा आमच्या घरी आले ते मत मागायला, आणि मत न मागताच परत गेले. त्यांच्याबद्दल सांगायचं तर तिथूनच सांगायला हवं.

म्हैसूरच्या कडेकडेनं पसरलेल्या वस्त्यांसाठी त्या काळी एक वेगळं मंडळ होतं. रस्ते, गटारं, दिवे आणि नळ एवढंच त्याचं काम. आज ते मंडळ नाही आणि त्याची आठवणही कुणाला नसेल. पूर्वी त्याचा अध्यक्ष सरकार नेमून पाठवायचं. मग एका निवडणुकीच्या वेळी हुकूम निघाला, की यापुढे मेंबरांनी आपला अध्यक्ष आपणच निवडावा. तोवर एकमेकांच्या घरी लग्नामुंजीला जाणारी माणसं त्या हुकमानंतर दोन गटांत वाटली गेली. एक गट शामण्णा वकिलांचा, दुसरा पेठेतल्या व्यापाऱ्यांचा. निवडणूक झाली आणि दोघांपैकी कुणालाच निम्म्यापेक्षा जास्त जागा मिळाल्या नाहीत.

मध्ये उरलो आम्ही तिघं. तंबाखूचे व्यापारी हाशम साहेब, जे कुणाच्याही गटात न जाता स्वतःच्या हिमतीवर निवडून आले होते. मेटगळ्ळीच्या वाटेवरच्या केरीतले, म्हणजे अस्पृश्यांच्या वस्तीतले, चिक्कय्या, जे आदिकर्नाटक समाजाचे म्हणून सरकारनं नेमलेले होते. आणि बायकांची म्हणून नेमलेली मी. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमचं घर शिंप्याचं, विठोबाच्या भजनातलं. लहानपणीच कपाळ पांढरं झालं म्हणून वडिलांनी हट्टानं शिकवलं. मंडळात मला कुणी काही विचारील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सुभानराव शामण्णांच्या गटाचे मेंबर. नजरबादेत त्यांचं छोटं घर होतं. आजोबा महाराजांच्या घोडदळात होते. घोडा केव्हाच गेला होता, जमीनही बरीचशी गेली होती. राहिल्या होत्या त्या भरघोस मिशा आणि खोगिरावर बसल्यासारखं ताठ बसण्याची सवय. तेही वकील होते, पण दावा लढवण्यापेक्षा मिटवण्याची त्यांना भारी हौस. दोन्ही पक्षांना जगलीवर, म्हणजे घराच्या ओट्यावर, समोरासमोर बसवायचे आणि कोर्टात जायच्या आधीच हसत घरी पाठवायचे. अशा वकिलाचं घर कसं चालणार? त्यांच्या बायकोला, तुळसाक्कांना, ठाऊक.

विधवेच्या घरी जायचं म्हणून त्या दिवशी ते तुळसाक्कांना बरोबर घेऊन आले. त्या आत आईजवळ बसल्या, हे बाहेर माझ्यासमोर.

"बाई, तुम्हाला मंडळाकडून काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, हा आमिष दाखवतोय. मी मान वर करून म्हटलं, "मला काही नको."

त्यांनी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुम्हाला काही नको आणि तुम्ही कुणाच्या बाजूच्या नाही. बरोबर सांगतोय का मी?"

"बरोबर."

"काही नको म्हणणाऱ्याबरोबर कारभार करता येत नाही, बाई. ज्याला काही पाहिजे त्याच्याशी बोलता येतं. तुम्ही सुम्ने, उगाच, नको म्हणताय. विचार करा. मी परत येतो." एवढं बोलून ते उठले. अध्यक्षाच्या निवडीचं नावही त्यांनी काढलं नाही.

समोरचा माणूस जे म्हणाला ते त्याला पुन्हा म्हणून दाखवायचं, आणि तो 'बरोबर' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही, ही त्यांची पद्धत. कधी कधी वैताग यायचा. हाशम साहेब तर म्हणायचे, "राव, तुमच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत तोंड घालून बोलणं. आपलंच परत ऐकू येतं." सुभानराव मिशीतल्या मिशीत हसत. पण मी पाहिलंय, की चारचौघांत ज्याचं बोलणं कुणी कधी ऐकलं नाही असा माणूस आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून नीट परत आलेलं ऐकतो तेव्हा त्याचा चेहराच बदलतो. चिक्कय्यांचा बदलला होता. माझाही बदलला असेल.

ते परत आले तेव्हा मी सांगितलं, की शाळेच्या मागची भिंत पडली आहे. येणारेजाणारे आत डोकावतात, म्हणून मोठ्या मुलींना घरचे लोक शाळेत पाठवत नाहीत. ती भिंत हवी.

"नोडी, बघा," ते एकदम खुलून म्हणाले, "आता बोलता येईल."

'पाठिंबा' हा शब्द त्यांना खपत नसे. "पाठिंबा म्हणजे काय? खालून टेकू लावायचा आणि वर बसलेल्यानं खाली बघायचंही नाही. आपण सोबत म्हणू. सोबत असली की वाटेत बोलावं लागतं." त्यांचं मराठी आम्हा सगळ्या म्हैसूरकरांसारखंच, अर्ध्या वाक्यात कन्नडच्या गल्लीत शिरणारं. पण हा शब्द ते जपून, अगदी सावकाश उच्चारायचे.

चिक्कय्यांकडे ते कसे गेले ते मला नंतर चिक्कय्यांनीच सांगितलं. केरीत बाहेरचा माणूस आला की उभ्याउभ्याच बोलायचा. सुभानरावांनी पायातले जोडे काढले, अंगणात मांडी घातली आणि पाणी मागितलं. चिक्कय्यांची सून घाबरून दाराआड गेली. शेवटी चिक्कय्यांनी स्वतः तांब्या आणला. सुभानरावांनी घोट घेतला आणि थबकले. पाणी मचूळ होतं, गढूळही होतं. केरीतली विहीर उन्हाळ्यात आटायची आणि बायका पलीकडच्या तळ्यावरून पाणी आणायच्या. त्याच तळ्यात गुरं बसत. त्यांनी तांब्या पुरा केला आणि म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की नळ पाहिजे."

चिक्कय्या म्हणाले, "राव, मी अजून काहीच म्हणालो नाही."

"पाणी म्हणालं," सुभानराव बोलले.

त्या पाण्याची बातमी नजरबादेत पोचायला वेळ लागला नाही. भावकीतल्या लोकांनी त्यांना एका लग्नात वेगळ्या पंगतीला बसवलं. ते बसले, जेवले, आणि वाढणाऱ्याला म्हणाले की भात छान झालाय.

मग एका सकाळी त्यांच्या जगलीवर बोलणी झाली. शामण्णा आले, आम्ही तिघं आलो. शामण्णा देखणे, मृदू बोलणारे गृहस्थ. सुभानरावांनी एकेकाचं म्हणणं उच्चारून दाखवलं. पहिल्याच वर्षी केरीला नळ, शाळेची भिंत, हाशम साहेबांच्या बाजारातलं गटार. आमच्या बाजूनं अध्यक्षाच्या निवडीला आणि खर्चाच्या मंजुरीला आमची मतं. शिवाय दर आठवड्याला अध्यक्षांनी इथंच येऊन आमच्याशी बोलायचं. मत पडायच्या आदल्या दिवशी नव्हे, दर आठवड्याला. हा शेवटचा मुद्दा सुभानरावांचा स्वतःचा होता आणि त्यांना तोच सगळ्यात मोठा वाटत होता.

"म्हणजे ठरलं?" त्यांनी विचारलं.

शामण्णा हसले, तबक पुढे ओढलं आणि आम्हा सगळ्यांना विडे दिले. आमच्याकडे विडा दिला की गोष्ट ठरली असं धरतात. हाशम साहेबांच्या हातात विडा ठेवला, माझ्यापुढे तबकच सरकवलं. चिक्कय्यांनी ओंजळ पुढे केली तेव्हा शामण्णांनी हात उंच धरून विडा वरून सोडला. तो ओंजळीच्या कडेला लागून खाली पडला. चिक्कय्यांनी उचलून घेतला. सुभानरावांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा पडला, पण ते काही बोलले नाहीत. जमलेलं बोलणं मोडेल अशी त्यांना भीती वाटली असावी.

शामण्णा अध्यक्ष झाले.

मंडळाच्या सभेत सगळ्यांना खुर्च्या होत्या, चिक्कय्यांना दाराजवळ एक स्टूल. कुणी मुद्दाम ठरवलं होतं असंही नाही, शिपायानं पहिल्या दिवशी तसं ठेवलं आणि कुणी हलवलं नाही. त्यांना खुर्चीवर बसवा म्हटलं असतं तर निम्मे मेंबर उठून गेले असते. सुभानरावांनी स्वतःची खुर्ची उचलली, दाराजवळ नेली आणि स्टुलाला लावून ठेवली. शामण्णांनी भुवई उंचावली. "इथं वारा चांगला येतो," सुभानराव म्हणाले. त्या दिवसापासून त्यांची जागा तीच.

मग कॉफीचा प्रश्न आला. सभेत सगळ्यांना कॉफी यायची, चिक्कय्यांना नाही. सुभानरावांनी शिपायाला विचारलं, शामण्णांना विचारलं, चारदोन मेंबरांची मनधरणी केली. कुणी ऐकेना. वाद लांबला आणि शेवटी एवढीच तडजोड निघाली, की सभेत कॉफीच बंद. सुभानरावांना त्यातही काही मिळवल्यासारखं वाटत होतं. चिक्कय्या मात्र त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "राव, मला कॉफी मिळाली नाहीच. तुमची मात्र गेली." दोघंही तोंडावर उपरणं धरून हसले. मला त्या वेळी हसू आलं नाही. सुभानरावांना काय काय जमतं आणि कुठवर जमतं ते मला त्या दिवशी दिसलं. माणसांना एकत्र बसवणं त्यांना जमायचं. बसलेल्यांच्या मनातलं काढून टाकणं त्यांच्या हातात नव्हतं.

दर आठवड्याची बैठक सुरू झाली. शामण्णा सुरुवातीला स्वतः आले, पाय पसरून बसले, तुळसाक्कांच्या चकल्यांचं कौतुक केलं. मग त्यांच्याऐवजी त्यांचा भाचा येऊ लागला. तो सगळं ऐकून 'मामांना सांगतो' म्हणायचा. मग भाचाही येईनासा झाला. आम्ही तिघं आणि सुभानराव बसायचो. ते शामण्णांची बाजू आम्हाला समजावून सांगायचे, की नवा माणूस आहे, गटातले लोक खेचतात, थोडा धीर धरा. एकाच जागी बसून ते दोन्हीकडून बोलायचे. हाशम साहेब एकदा म्हणाले, "राव, अध्यक्ष आले नाहीत तरी चालतं. तुम्ही आहात ना त्यांच्या वतीनं." ते चेष्टेनं म्हणाले होते. सुभानरावांना ते लागलं.

पावसाळा सरता सरता व्यापाऱ्यांच्या गटातले काही मेंबर शामण्णांकडे आले. का आले ते कुणाला कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं. आता शामण्णांना आमच्या मतांची गरज उरली नव्हती. पुढच्याच सभेत नळाचं काम केरीकडून काढून बड्या अधिकाऱ्यांचे नवे बंगले उठत होते तिकडे वळवलं.

सुभानराव मला घेऊन शामण्णांच्या घरी गेले. शामण्णांनी आदरानं बसवलं.

"बाई, तुमच्या शाळेची भिंत होणार. त्याची काळजी सोडा."

"आणि नळ?" सुभानरावांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू की."

सुभानराव अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपलं म्हणणं असं, की गरज होती तोवर शब्द होता. गरज संपली, शब्दही संपला. बरोबर सांगतोय का मी?"

शामण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसून म्हणाले, "राव, तुम्ही सगळं मनाला लावून घेता. कारभार आहे हा. त्या तिघांना तुम्ही संभाळा, तुम्हाला ते जमतं."

परत येताना मी म्हटलं, "राजीनामा द्या."

"त्यांनी 'बरोबर' म्हटलं नाही, बाई. 'चूक'ही म्हटलं नाही. म्हणजे अजून बोलायला जागा आहे, अल्वा, नाही का? आणि मी बाहेर पडलो तर चिक्कय्यांच्या शेजारी कोण बसणार? आत असलो तर निदान विचारता येतं."

ते विचारत राहिले. प्रत्येक सभेत कामकाज संपत आलं की उभे राहायचे. "केरीच्या नळाचं काय झालं?" शामण्णा म्हणायचे, "विचार चालू आहे." ते खाली बसायचे. आधी लोक कानाआड करायचे, मग हसू लागले. नळाला कन्नडात नल्ली म्हणतात. कुणीतरी त्यांना 'नल्लीराव' नाव पाडलं आणि ते पोरासोरांच्या तोंडी गेलं. हाशम साहेबांच्या बाजाराचं गटार दरम्यान झालं. ते शामण्णांना वेगळे जाऊन भेटले होते. सुभानरावांना तोंड दाखवायची वेळ आली तेव्हा ते सरळ म्हणाले, "राव, मी दुकानदार माणूस. दुकान बंद करून रुसून बसणं मला परवडत नाही." सुभानरावांनी त्यांना एका शब्दानंही दुखावलं नाही. "म्हणजे तुमचं म्हणणं..." एवढं म्हणाले आणि वाक्य पुरं न करता उठून आत गेले. त्यांनी वाक्य अर्धं टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

शाळेची भिंत खरंच झाली. मुली तिच्या सावलीत डबे खाऊ लागल्या. जगलीवरची बैठक मोडली.

मग उन्हाळा आला. केरीची विहीर नेहमीपेक्षा लवकर आटली, तळ्यात चिखल उरला, आणि पटकी आली. शाळेला सुट्टी होती. सुभानराव सकाळी माझ्या दारात उभे राहिले, डोक्याला पागोटं नाही. "चिक्कय्यांची पुट्टी गेली," म्हणाले. पुट्टी म्हणजे चिक्कय्यांची नात. सुभानराव केरीत जाताना तिच्यासाठी खडीसाखर न्यायचे आणि ती त्यांच्या मिशा ओढायची. त्यांना स्वतःला मूल नव्हतं.

आम्ही गेलो. केरीत आवाज नव्हता. रडणंही संपलं होतं, कारण ते एकच घर नव्हतं. चिक्कय्या भिंतीला टेकून बसले होते. आम्हाला पाहून उठले, चटई टाकली. सुभानराव चटईवर न बसता जमिनीवर बसले. जिभेनं ओठ ओले करत होते. ते पाहून चिक्कय्या म्हणाले, "आज पाणी देत नाही, राव. ते पाणी प्यायचं नाही."

सुभानरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोड्या वेळानं म्हणाले, "शामण्णांनी आपल्याला फसवलं, चिक्कय्या."

चिक्कय्या रागानं बोलले नाहीत. शाळेतल्या मुलाला चूक समजावून सांगावी तसे सावकाश बोलले. "शामण्णांनी आम्हाला फसवलं नाही, राव. त्यांना आम्ही कुठं ओळखत होतो? त्यांचा विडा मी घेतला तो तुम्ही शेजारी होता म्हणून. आम्ही तुम्हाला ओळखत होतो."

सुभानराव मान हलवत राहिले. मी वाट पाहत होते, की आता ते म्हणतील, 'म्हणजे तुमचं म्हणणं असं.' ते म्हणाले नाहीत. सून आतून आली, पदरानं तोंड झाकून उंबऱ्याशी बसली. ऊन अंगणात चढत आलं तसे आम्ही उठलो.

पुढच्या सभेला सुभानराव उभे राहिले ते कामकाजाच्या सुरुवातीलाच. जगलीवर काय ठरलं होतं ते त्यांनी एकेक करून सांगितलं. कोण कुठं बसलं होतं, कोण काय म्हणालं, विडा कुणी कुणाला दिला. त्यांचा आवाज चढला नाही. शेवटी म्हणाले, "माझ्या शब्दावर ही माणसं आपल्या सोबत आली. शब्द मोडला गेलाय. अध्यक्षांनी जागा सोडावी, असा माझा ठराव आहे."

शामण्णा शांतपणे उठले. "माननीय मेंबरांच्या दुःखात मी सहभागी आहे. त्यांच्या घरी काही बोलणी झाली असतील. पण मी तिथं एक शब्दही उच्चारल्याचं त्यांनी आत्ता सांगितलं नाही. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. विडा तर आपण कुणालाही देतो."

आणि ते खरं होतं. सुभानरावांनी इतकं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं होतं, की शामण्णा काही बोलले नव्हते हेही त्यातून उघड झालं. आयुष्यभर ज्यानं समोरच्याच्या तोंडून 'बरोबर' वदवून घेतलं, त्यानं नेमक्या त्या एका सकाळी विड्यावर भागवलं होतं. माझ्याकडे वळून त्यांनी एकदा पाहिलं. मी उठून सांगितलं, की मी तिथं होते आणि ठरलं असंच आम्ही समजलो. मागून कुणीतरी म्हणालं, "भिंत मिळाली ना, बाई?" लोक हसले. चिक्कय्या काही बोलले नाहीत. हाशम साहेब खिडकीबाहेर बघत होते. मतं पडली तेव्हा ठरावाच्या बाजूनं आम्ही तिघंच, सुभानराव, चिक्कय्या आणि मी. व्यापाऱ्यांच्या गटातले उरलेलेही गप्प बसून राहिले. त्यांनाही तोवर काहीबाही मिळालं होतं.

सुभानरावांनी राजीनामा दिला. त्यानंतरच्या सभेत मी पाहिलं तर शिपायानं त्यांची खुर्ची उचलून परत रांगेत लावली होती. दाराजवळ फक्त स्टूल. मी शिपायाला माझी खुर्ची तिकडे न्यायला सांगितली. चिक्कय्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"नको अम्मा," ते म्हणाले. "आता पुन्हा कुणी शेजारी बसू नका."

मुदत संपेपर्यंत ते त्या स्टुलावर एकटे बसले. मतं पडताना हात वर करायचे नाहीत, कुणाच्याच बाजूनं नाही. त्यांची दुसऱ्यांदा नेमणूक झाली नाही. माझी झाली. मी का स्वीकारली याचं उत्तर मला नीट देता येणार नाही. केरीला नळ मिळाला, पण कितीतरी उशिरा, कुणी मोठा साहेब मोटारीनं त्या वाटेनं जाणार होता आणि घागरी घेऊन तळ्यावर जाणाऱ्या बायका त्याला वाटेत दिसू नयेत म्हणून. चिक्कय्या तेव्हा नव्हते. मंडळात त्याचा कुणी ठरावही केला नाही.

पुढच्या निवडणुकीत व्यापाऱ्यांचा गट मोठा झाला, पण त्यांनाही थोड्या जागा कमी पडल्या. मध्ये पुन्हा काही एकटेदुकटे उरले. नव्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, हे सुटे लोक कुणावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्याशी बोलायला मान्यांसारखा माणूस पाहिजे. तुम्ही सांगितलंत तर येतील ते." त्यांच्या बोलण्यात मला कपट दिसलं नाही. शामण्णांच्याही सुरुवातीच्या बोलण्यात दिसलं नव्हतं.

सुभानराव तोवर नजरबादेतलं घर विकून येलवालला राहायला गेले होते. तिथं तुळसाक्कांच्या माहेरच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा होता. मी निरोप पोचवायला गेले असं नाही म्हणता येणार. मला त्यांना पाहायचं होतं. हुणसूरच्या रस्त्यानं मोटार जायची, तिनं गेले. घर रस्त्यालाच लागून होतं. सुभानराव बाहेर दगडावर बसून शेंगा सोलत होते. पाठीला बाक आला होता. मिशा काढून टाकल्या होत्या. मी क्षणभर ओळखलंच नाही.

त्यांनी माझ्या आईची, शाळेची चौकशी केली. मी निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, शेंगा सोलत राहिले. निरोप परत म्हणून दाखवला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तुळसा गेल्या माघात वारली. तुम्हाला कळवायचं राहिलं."

मी शेजारी बसून राहिले.

तेवढ्यात एक शेतकरी आला. पलीकडच्या शेतवाल्यानं बांध कोरला होता. तो पलीकडचा माणूस तिथंच, हाकेच्या अंतरावर, कमरेवर हात ठेवून उभा होता. आलेला माणूस कन्नडात विनवू लागला, "माने अप्पा, तुम्ही त्याला दोन शब्द सांगा. तुमचं तो ऐकेल. माझ्याशी बोलतच नाही तो."

सुभानरावांनी वर पाहिलं. त्या माणसाकडे पाहिलं, मग बांधावरच्या माणसाकडे. मला वाटलं, आता हे उठतील, दोघांना या दगडावर समोरासमोर बसवतील. मी मनातल्या मनात अगदी आशेनं वाट पाहिली.

"तो उभाच आहे समोर," ते म्हणाले. "तुझं तू सांग. मी कुणाच्या वतीनं बोलत नाही."

तो माणूस गेला. थोड्याच वेळात बांधावरून शिव्यांचे आवाज येऊ लागले, मग झटापटीचे. मी घाबरून उभी राहिले. सुभानरावांनी सुपातली टरफलं झाडली, सूप काखोटीला मारलं आणि म्हणाले, "बाई, मोटारीची वेळ झाली. ऊन लागेल, सावलीत उभ्या राहा." आणि ते आत गेले. दार लावल्याचा आवाज आला, मग आतून कडी घातल्याचा. रस्त्यापलीकडे ती दोन माणसं एकमेकांची मानगूट धरून चिखलात लोळत होती, आणि त्या घराची खिडकीही कुणी उघडली नाही.